बंधाऱ्यातला काळा गाळ शेतात टाकावा का? 'टीसीएलपी पास' रिपोर्टचा नेमका अर्थ काय?

काळीकसदार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमची जमीन नदीकाठची, पण हलकी, मुरमाड. अर्ध्या रानात वीतभर खोदलं की दगड लागतो. नदीच्या वरच्या अंगाला एमआयडीसी आहे (नाव मुद्दाम लिहीत नाही, गावातच राहायचंय) आणि तिकडचा नाला आमच्या केटी बंधाऱ्याच्या फुगवट्यात येऊन मिळतो. यंदा बंधाऱ्यातला गाळ काढायचं काम निघालंय. ठेकेदार म्हणतो गाळ फुकट, हायवाचं भाडं तेवढं तुमचं. निम्मं गाव नाव नोंदवून बसलंय.

मला खटकतंय ते हे की गाळ काळाकुट्ट आहे, काठीने ढोसलं की बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. ग्रामसभेत विचारलं तर ठेकेदाराने एका प्रयोगशाळेचा रिपोर्ट पुढे केला. फोटो काढून ठेवलाय. वर मथळा 'टीसीएलपी', खाली शिसं ०.९, कॅडमियम ०.३, क्रोमियम ०.४, पारा 'आढळला नाही'. सगळं मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. शेजारच्या रकान्यात मर्यादा : शिसं ५, कॅडमियम १, क्रोमियम ५, पारा ०.२. शेवटी शेरा, 'घातक कचरा नाही'.

माझे प्रश्न दोनच. गाळाचा रिपोर्ट लिटरमध्ये कसा काय? आणि 'घातक कचरा नाही' याचा अर्थ 'शेतात टाकायला हरकत नाही' असा घ्यायचा का? वडिलांचं म्हणणं, पास आहे ना, मग संपलं.

विहीरकाका

गाळ म्हणजे सोनं आहे बाबा. २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' सुरू झालं तेव्हा आमच्या भावकीने पाझर तलावातला गाळ ओढला, माळावर टाकला, आज तिथे कांदा निघतो. पहिल्या वर्षी ढेकळं फुटेनात म्हणून शिव्या घातल्या, दुसऱ्या पावसाळ्यानंतर रान गप झालं.

पण एक सांगतो. आमचा तलाव डोंगराच्या कुशीतला. वर गुरं चरतात, दुसरं काही नाही. एमआयडीसीखालचा गाळ मी फुकटसुद्धा घेणार नाही, रिपोर्ट काही का म्हणेना. यापुढचं शास्त्र जाणकारांनी सांगावं.

पाझर

मी काही वर्षं अशाच एका प्रयोगशाळेत होते. टीसीएलपीच्या बाटल्या लावणं माझ्याकडेच असायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही चाचणी गाळात किती धातू आहे ते मोजतच नाही. गाळातून पाण्यात किती उतरतो ते मोजते. नमुना साडेनऊ मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतपत बारीक करायचा. त्यातला घन भाग १०० ग्रॅम घेतला तर त्याच्या वीसपट, म्हणजे दोन लिटर, अ‍ॅसिटिक आम्लाचं द्रावण घालायचं. हे आम्ल म्हणजे व्हिनेगरमधलंच. द्रावणाचा पीएच ४.९३ असतो, नमुना फार अल्कधर्मी निघाला तर २.८८चं कडक द्रावण वापरतात. बाटल्या चक्रावर बांधायच्या आणि मिनिटाला ३० फेऱ्यांनी, एकदा बूड वर एकदा तोंड वर, १८ तास फिरवायच्या. रात्रभर खोलीत त्याचा डबडब आवाज चालू असतो. सकाळी काचतंतूच्या कागदातून गाळायचं आणि जे पाणी खाली येतं त्यात धातू मोजायचे. म्हणून रिपोर्ट लिटरमध्ये.

आता हे असंच का? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९० मध्ये ही पद्धत आणली, १९८० पासून चालू असलेल्या आधीच्या चाचणीच्या जागी. त्यामागे एक ठरावीक चित्र होतं. कारखान्याचा कचरा शहराच्या कचराडेपोत जाऊन पडला, ५ टक्के कारखान्याचा आणि ९५ टक्के घरगुती. घरगुती कचरा सडतो, त्यातून आम्लं सुटतात, ती कारखान्याच्या कचऱ्यातले धातू विरघळवतात आणि ते पाणी झिरपत भूजलापर्यंत जातं. वाटेत ते शंभरपट पातळ होईल असं धरलं. म्हणून मर्यादा तेव्हाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकाच्या शंभरपट. शिशाचं मानक तेव्हा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम होतं, त्यावरून ५. पाऱ्याचं ०.००२, त्यावरून ०.२. आपल्याकडे घातक कचरा नियम, २०१६ च्या दुसऱ्या अनुसूचीत 'अ' वर्गात हेच आकडे आहेत.

म्हणजे तुमच्या रिपोर्टने उत्तर दिलंय ते या प्रश्नाचं : हा गाळ कचराडेपोत टाकला तर खालचं पाणी नासेल का? तुम्ही विचारताय, यात मेथी लावू का? दहावीची मार्कशीट दाखवून पोहता येतं म्हणण्यातला प्रकार आहे हा.

काठावरची

पाझरताई, छान लिहिलंय. वीसपट हा आकडा वाचून कॅल्क्युलेटर काढला आणि हादरलेच.

कॅडमियम ०.३ मिलिग्रॅम प्रति लिटर. एक किलो गाळाला वीस लिटर द्रावण. म्हणजे ०.३ गुणिले २० = किलोला ६ मिलिग्रॅम, आणि हे फक्त जेवढं पाण्यात उतरलं तेवढं. गाळाला चिकटून राहिलेलं वेगळंच. आता कंपोस्ट खताची मानकं बघा (घनकचरा नियम, २०१६) : कॅडमियम किलोला ५, शिसं १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, पारा ०.१५. शेतात घालायच्या खतात ५ च्या वर कॅडमियम चालत नाही, आणि 'पास' झालेल्या या गाळातून नुसतं पाझरलेलंच ६ आहे!

उलट बाजूनेही करून बघितलं. एखाद्या गाळात पारा किलोला ३.९ असेल आणि सगळाच्या सगळा विरघळला, तरी टीसीएलपीत ०.१९५ येणार. म्हणजे नापास होणं गणितानेच अशक्य. कंपोस्टच्या मर्यादेच्या सव्वीसपट पारा असलेला गाळ आयुष्यात कधी नापास होणार नाही. माझं काही चुकतंय का?

पाझर

काही चुकत नाहीये. उलट एक भर घालते : गाळ ओला असतो आणि कंपोस्टचा आकडा कोरड्या वजनावर. निम्मं पाणी असेल तर तुमचे ६ कोरड्या गाळावर १२ होतात.

कंपोस्टचं मानक गाळाला कायद्याने लागू नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर ठेकेदार तेवढंच धरून बसेल. पण दुसरी फूटपट्टी हाताशी नसताना शेतकऱ्याने याच्याशीच ताडून बघावं असं माझं मत.

साधासरळ

मग ही चाचणी फालतूच म्हणायची का? जगभर वापरतात ती उगाच? मला वाटतं आपण इथे जरा घाबरवाघाबरवी करतोय.

पाझर

फालतू अजिबात नाही. कचरा कुठल्या डेपोत जाईल हे ठरवायला ती ठीक चालते. मात्र तिच्या चौकटीबाहेर नेली की फसते, आणि हे कोर्टात सिद्ध झालेलं आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या भट्ट्यांचं जुनं अस्तर हा सायनाइड, फ्लोराइड असलेला कचरा. अमेरिकेत त्यावर प्रक्रिया करून तो एका स्वतंत्र खड्ड्यात पुरत होते, टीसीएलपीच्या हिशेबाने बिनधास्त. प्रत्यक्ष खड्ड्यातून झिरपलेलं पाणी तपासलं तर आर्सेनिक नि फ्लोराइड चाचणीने सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त. कारण तिथे सडका घरगुती कचरा नव्हताच, वातावरण आम्लधर्मी नव्हे तर कडक अल्कधर्मी होतं, आणि आर्सेनिक अल्कधर्मी पाण्यात छान सुटतं. १९९८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने या कचऱ्यासाठी या चाचणीवर आधारलेला नियम रद्द केला.

दुसरा किस्सा जास्त मजेदार. पितळेच्या ओतशाळांमधल्या वापरलेल्या वाळूत शिसं असतं. तिथल्या लोकांनी शोध लावला की वाळूत लोखंडाचा कीस मिसळला की टीसीएलपीच्या बाटलीत शिसं लोखंडावर बसतं, पाण्यात उतरत नाही, आणि रिपोर्ट पास. बाहेर कीस गंजला की शिसं मोकळं. हीसुद्धा पळवाट शेवटी १९९८ मध्येच नियम करून बंद करावी लागली.

म्हणून 'पास' शब्दापेक्षा कुठली चाचणी, कुठलं द्रावण, कशासाठी, हे आधी वाचावं. आम्लपावसाने काय सुटेल ते बघायची वेगळी पद्धत आहे, तिच्यात सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लांचं पाणी वापरतात. युरोपात साध्या पाण्यात दहापट पातळ करून २४ तास हलवतात. एकच गाळ, तीन पद्धती, तीन वेगळे आकडे.

शिंपला

धागा उशिरा दिसला. मी गाळाच्या जैवचाचण्यांवर काम करते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. वर सगळी चर्चा धातूंच्या आकड्यांवर आहे. पण आपण फक्त तेच मोजतो ज्याचं नाव यादीत असतं. यादीबाहेरचं रसायन मोजायचं कसं? त्याला एकच उपाय, जिवंत प्राण्याला विचारायचं.

गोड्या पाण्याच्या गाळासाठी दोन प्राणी सगळ्यात जास्त वापरले जातात. एक हायलेला नावाचा कोलंबीच्या दूरच्या भाऊबंदांपैकी काही मिलिमीटरचा जीव. दुसरी कायरोनॉमस माशीची अळी. ती लालबुंद अळी तुम्ही पाहिलीय, मत्स्यालयाच्या दुकानात माशांना खायला जी 'ब्लडवर्म' म्हणून देतात तीच. रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे ती लाल असते आणि ऑक्सिजन कमी असलेल्या चिखलातही तगते. गाळाच्या आत राहते, गाळच खाते, त्यामुळे तिच्यापासून काही लपत नाही.

चाचणी अशी. ३०० मिलीच्या उंच चंचुपात्रात १०० मिली गाळ, त्यावर १७५ मिली पाणी, प्रत्येकात दहा प्राणी, अशी आठ पात्रं. तापमान २३ अंश, सोळा तास उजेड, आठ तास अंधार, पाणी रोज बदलत राहायचं. दहा दिवसांनी गाळ चाळून जिवंत मोजायचे आणि वजन घ्यायचं. वजन महत्त्वाचं, कारण सौम्य विषाने प्राणी मरत नाहीत, खुरटतात. शेजारी स्वच्छ गाळाची पात्रं असतात. त्यातले हायलेला किमान ८० टक्के आणि कायरोनॉमस किमान ७० टक्के जगले नाहीत तर अख्खी चाचणी फेकून द्यायची. ही अट रिपोर्टमध्ये कुणी वाचत नाही. तुम्ही आधी तीच वाचा.

घाई असेल तर चमकणारे जिवाणू आहेत, अ‍ॅलिव्हिब्रिओ फिशेरी. विषाने त्यांचा उजेड मंदावतो, पाच ते तीस मिनिटांत उत्तर मिळतं. पण काळ्या गाळात यांचा भरवसा कमी. गाळाचे कण उजेड शोषतात, जिवाणू कणांना चिकटून बसतात आणि गाळातलं साधं गंधकही त्यांना मारतं. काळा गाळ आणि फक्त जिवाणूंचा रिपोर्ट अशी जोडी दिसली तर मी अजून एक चाचणी मागते.

आणि कुठलीही एक चाचणी पुरत नाही. रसायनं मोजणं, प्राण्यांवर चाचणी, आणि त्या जागी प्रत्यक्ष कुठले जीव उरलेत ते बघणं, या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवायची रीत लाँग आणि चॅपमन या संशोधकांनी १९८५ मध्ये मांडली, अमेरिकेतल्या पुजेट साउंड या खाडीच्या गाळावरून. अजून तीच चालते.

खाडीकर

+१. ठाणे खाडीच्या काठावर वाढलोय, त्यामुळे हा वास ओळखीचा. या खाडीतल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी १९८१ मध्येच निबंध लिहिला होता. आज तिथेच फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). पक्षी आहेत म्हणजे गाळ स्वच्छ, असं गणित कुणी मांडलं की मी विषय बदलतो.

धागाकर्त्याला एक गोष्ट सांगायची राहिलीय आणि शेतासाठी माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे सल्फाइड. बंधाऱ्याच्या तळाशी ऑक्सिजन नसतो, तिथे कॅडमियम, शिसं, जस्त, तांबं सल्फाइडला धरून बसतात आणि पाण्यात येत नाहीत. आम्लात सुटणारं सल्फाइड धातूंपेक्षा जास्त असेल तर हे धातू तळाच्या किड्यांना सहसा बाधत नाहीत, हे डी टोरो वगैरे संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं. म्हणून बंधाऱ्यातला गाळ तिथल्या तिथे तपासला तर कदाचित अळ्या मजेत जगतील.

तोच गाळ वावरात पसरा. उन्हात दोन-चार आठवड्यांत काळ्याचा तपकिरी होतो. म्हणजे सल्फाइडचा ऑक्सिजनशी संयोग झाला, सोबत आम्ल तयार झालं आणि बांधलेले धातू सुटले. बंधाऱ्यात निवांत बसलेला कॅडमियम तुमच्या मुळाशी मोकळा. आता ठेकेदाराचा नमुना ओला गेला होता की काठावर आठवडाभर वाळलेला, त्यावर आकडा बदलणार. हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं का? सांगा फोटोत बघून.

सल्फाइड-धातूंचं गणित तपासायचं असेल तर बरणी काठोकाठ भरायची, वर हवा ठेवायची नाही, अंधारात बर्फाच्या पेटीत चार अंशांवर न्यायची, गोठवायची नाही.

काळीकसदार

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी. खाडीकर, फोटो परत बघितला. नमुना कुठून घेतला, कोणी घेतला, ओला की सुका, काहीच नाही. 'नमुना ग्राहकाने आणून दिला' एवढंच.

काठावरची

म्हणजे तो नमुना बंधाऱ्यातलाच आहे हेही सिद्ध होत नाही. :)

डायकवाला

रॉटरडॅमहून लिहितोय. इकडे बंदर चालू ठेवायला गाळ सतत काढावाच लागतो, आणि ऱ्हाइन नदी वरच्या देशांच्या कारखान्यांचं सगळं घेऊन येते. घाण निघालेला गाळ समुद्रात टाकता येत नाही आणि शेतातही. म्हणून किनाऱ्यालगत स्लुफ्टर नावाचं मोठं कुंड बांधलं, १९८७ पासून गाळ त्यात जातो. समुद्रात टाकायच्या गाळासाठी रसायनांच्या जोडीला इथे कोरोफियम नावाच्या चिखलातल्या जिवावर चाचण्या झाल्या आहेत.

सांगायचा मुद्दा इतकाच, की गाळ कुठे जाणार हे आधी ठरतं आणि त्यावरून चाचणी. तुमच्याकडे रिपोर्ट आधी आणि जागा नंतर असं झालेलं दिसतंय.

तांबडीमाती

गोव्यातून. आमच्याकडे डिचोली-सत्तरी भागात खाणीचा गाळ पावसाबरोबर भातशेतात यायचा. त्यात विष शोधायला गेलात तर फारसं सापडणार नाही, मुख्यतः लोह आणि बारीक चिकण. पण तो रोपांवर लिंपला जातो, वाळला की वर पापडी धरते आणि पाणी आत जात नाही. म्हणजे विषाच्या चाचणीत पास, शेत मात्र गेलं. तेव्हा कणांचा आकार पण तपासून घ्या. बंधाऱ्याच्या भिंतीजवळ सगळ्यात बारीक गाळ असतो आणि धातूही त्यालाच जास्त चिकटतात.

शिंपला

तांबडीमाती, अगदी बरोबर. प्राण्यांच्या चाचणीतही हाच घोळ होतो. काही सागरी प्राण्यांना बारीक चिकण मुळातच मानवत नाही, ते मरतात आणि आपण विषाला दोष देतो.

दुसरा घोळ अमोनियाचा. नाल्यात सांडपाणी असेल तर गाळात अमोनिया असतोच, त्याने प्राणी मरतात आणि रिपोर्ट 'विषारी' येतो. कशाने मेले ते शोधायची पद्धत म्हणजे एकेक संशयित बाजूला करत जायचं. गाळात झिओलाइट नावाचं खनिज मिसळलं तर ते अमोनिया धरून ठेवतं. नारळाच्या कवटीचा कोळसा सेंद्रिय रसायनं धरतो, एका प्रकारचं रेझिन धातू धरतं. कशाने प्राणी वाचले त्यावरून गुन्हेगार कळतो. अमोनिया शेतात उडून जाईल किंवा खत होईल, कॅडमियम जाणार नाही. त्यामुळे तुमच्यासाठी हा फरक पैशाचा आहे.

विहीरकाका

हे सगळं वाचून डोकं गरगरलं. शेतकऱ्याने घरच्या घरी काही बघता येतं का नाही?

शिंपला

येतं काका. गांडुळांची पळ-चाचणी करा. तिचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

एक प्लॅस्टिकचा डबा, मध्ये पुठ्ठ्याचा पडदा. एका बाजूला तुमची नेहमीची माती. दुसऱ्या बाजूला तीच माती आणि गाळ, शेतात ज्या प्रमाणात टाकणार त्याच प्रमाणात. गाळ आधी पसरून वाळवा, भुगा करा, ओला काळा गाळ तसाच घातला तर गांडूळ वासानेच पळेल. दोन्हीकडे ओल सारखी हवी, मुठीत दाबली की गोळा होईल पण पाणी गळणार नाही. पडदा काढा, मधल्या रेषेवर दहा पूर्ण वाढलेली गांडुळं सोडा (गांडूळखतवाल्यांकडची आयसेनिया जातीचीच लागतात), झाकणाला भोकं पाडा, ४८ तास थांबा. मग पडदा परत घालून मोजा. असे तीन-चार डबे लावा. गाळाच्या बाजूला दोनाहून कमी राहायला लागली तर तो गाळ जिवांना राहण्यालायक नाही.

जोडीला मूग पेरून बघा. पण नुसतं उगवलं म्हणून खूश होऊ नका, बी स्वतःची शिदोरी घेऊन येतं. मुळाची लांबी मोजा.

काळीकसदार

अपडेट देतो. डबे लावले होते. गांडुळं दोन्हीकडे जवळपास सारखीच निघाली. मुगाची मुळं गाळाकडे थोडी आखूड, पण फार नाही. वडील आता सगळ्यांना सांगत सुटलेत की गांडुळांनी पास केलं.

शिंपला

इथेच थांबा! हे मी आधीच लिहायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण निकाल येण्याआधी सांगितलं असतं तर तुम्ही डबेच लावले नसते. :)

गांडुळं कॅडमियमला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. त्यांच्या अंगात ते बांधून ठेवणारी प्रथिनं असतात, त्यामुळे ती अंगात साठवतात आणि जगतात. या डब्याने एवढंच सांगितलं की गाळात तीव्र विष, खूप मीठ किंवा तेल बहुधा नाही. कॅडमियमबद्दल डबा मुका आहे. आणि पिकांचं उलटं आहे. शिसं मुळाशीच अडतं, कॅडमियम सरळ पानात चढतो. पालेभाज्या नि भात यात पुढे.

जपानमध्ये तोयामा भागात जिंझू नदीला वरच्या खाणीतून कॅडमियम यायचा. ते पाणी नि गाळ भाताच्या खाचरांत बसला. लोकांची हाडं ठिसूळ झाली, त्या आजाराला इताई-इताई म्हणतात. सरकारने १९६८ मध्ये कारण मान्य केलं. पुढे तिथली खराब जमीन दुरुस्त करायला तीस वर्षांहून जास्त लागली. त्या खाचरांत भात मात्र उगवत होता.

पाझर

आता दोन रिपोर्ट करून घ्या. एक, एकूण धातू : गाळ तीव्र आम्लात उकळून, आकडा मिलिग्रॅम प्रति किलो, कोरड्या वजनावर. दुसरा डीटीपीए नावाच्या द्रावणाचा. माती परीक्षणवाले जस्त-लोह बघायला तेच द्रावण वापरतात, पीएच ७.३ ला, दोन तास हलवून. त्यात कॅडमियम, शिसं, निकेल पण मोजून द्या म्हणा. पिकाला काय मिळेल याचा अंदाज टीसीएलपीपेक्षा यातून बरा येतो. गाळ वाळवूनच द्या, कारण तुम्ही तो वाळलेलाच वापरणार. आणि प्रयोगशाळेच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या यादीत 'गाळ/माती' आणि तो धातू दोन्ही आहेत का ते विचारा. मान्यता फक्त पाण्याची असते आणि शिक्का सगळ्यावर मारतात, असं पाहिलंय.

साधासरळ

मी घाबरवाघाबरवी म्हणालो होतो ते मागे घेत नाही, पण डीटीपीएचं पटलं. एक शंका. हा गाळ 'घातक' नाही म्हणजे घातक कचऱ्याच्या डेपोत जाणार नाही. शेतात घालू नये असं तुम्ही म्हणता. मग तो जाणार कुठे? काठावर ढीग लावला तर पहिल्या पावसात परत नदीत.

खाडीकर

हा खरा प्रश्न आहे, आणि त्याला नियमात नीट घर नाही. औष्णिक वीजकेंद्रांची राख, अ‍ॅल्युमिनियम उद्योगाचा लाल चिखल, जस्त उद्योगाचा जॅरोसाइट, खाणींचा चोथा यांनाही 'प्रचंड प्रमाण, कमी परिणाम' म्हणून घातक कचऱ्यातून वगळलंय, पण निदान त्यांच्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढू असं म्हटलंय. नाल्याखालच्या बंधाऱ्यातल्या गाळाला तेवढंही नाही.

तूर्त व्यवहाराचं बघायचं तर सगळा गाळ सारखा घाण नसतो. नाला कुठे मिळतो बघा. संगमाच्या वरच्या अंगाचा गाळ वेगळा, खालचा वेगळा, भिंतीजवळचा तिसरा. तिन्ही एकत्र कालवून नमुना दिला की सरासरी येते आणि सरासरीत सगळंच पास होतं.

काळीकसदार

एकूण धातूंचा रिपोर्ट आला. भिंतीजवळच्या गाळात कॅडमियम किलोला ११. संगमाच्या वर १ च्याही खाली. शिसं दोन्हीकडे १०० च्या आत. डीटीपीएचा यायचाय.

वडिलांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितले. मग स्वतःच सरपंचांकडे गेले. ठरलंय असं की जेसीबी आधी वरच्या टोकाला लावायचा, संगमाच्या वरचा गाळ ज्याला हवा त्याने न्यावा. खालच्या गाळाला तूर्त हात लावायचा नाही. ठेकेदार कुरकुरतोय, कारण त्याचं माप ब्रासवर आहे आणि खालीच गाळ जास्त आहे.

एक विचारायचं राहिलं. आमच्या पलीकडच्या दोघांनी रिपोर्ट यायच्या आधीच भिंतीजवळचा गाळ नेऊन पसरलाय. अजून नांगरलेला नाही. त्यांना काय सांगू?

पाझर

नांगरू नका म्हणावं, आज लगेच सांगा. वर पसरलेला थर खरवडून काढता येतो, एकदा मातीत कालवला की येत नाही. काढलेला गाळ ताडपत्रीखाली उंचवट्यावर ठेवा, ओढ्यापासून आणि विहिरीपासून लांब. ज्यांना काढणं अजिबात शक्य नाही त्यांनी निदान त्या तुकड्यात पालेभाजी आणि भात नको. मातीचा पीएच सातच्या वर राहील असं बघायचं, आम्ल झालेल्या मातीत कॅडमियम जास्त चढतो. त्या रानाचाही डीटीपीए करून घ्या, तुमच्या नमुन्यांबरोबरच पाठवा.

काळीकसदार

निघालोच. दोघंही आत्ता वस्तीवरच असतील.